गोळीनंतरचा घास

प्रणितानं गोळ्यांची रिकामी पाकिटं पर्समधून काढून डॉक्टरांच्या टेबलावर मांडली. ती शाळेत शिकवायची. पुराव्याशिवाय बोलायची तिला सवय नव्हती.

"रोज उठल्या उठल्या, उपाशीपोटी, मी स्वतः देते यांना. एक दिवस चुकवलेला नाही. तरी जळजळ आहे ती आहेच. आता चोरून तिखट खात असतील तर मला माहीत नाही."

शेजारच्या स्टुलावर तिच्या सासूबाई, पुतळाबाई, पदर सावरून बसल्या होत्या. मुलानं शेलूला फ्लॅट घेतला तेव्हा त्या लोधिवलीहून इथं राहायला आल्या. त्या नुसत्या हसल्या.

"गोळीनंतर खाता कधी, आजी?" डॉक्टरांनी विचारलं.

"लगेच खाते की."

"नक्की? कारण सगळी मेख तिथंच आहे. पोटात ॲसिड सोडणारे बारीक बारीक पंप असतात. रात्री बरेचसे झोपलेले. सकाळी घास पोटात गेला की जागे होतात. ही गोळी चालू पंप बंद करते. झोपलेल्या पंपापुढे तिचं काही चालत नाही. आणि ती दिवसभर थांबतही नाही. अर्ध्या-पाऊण तासात खायला हवं. खायला उशीर केलात की तिचा जोर ओसरतो, मग पंप जागे होतात आणि पुन्हा जळजळ."

"मी येळेवरच खाते," पुतळाबाई म्हणाल्या.

"मग गुण यायला हवा होता. आता दुर्बीण घालून बघावं लागेल. घशातून नळी आत सोडतात. कर्जतच्या हॉस्पिटलला चिठ्ठी देतो."

पुतळाबाईंनी मान डोलावली.

प्रणिताच्या डोळ्यांपुढे सकाळचा ओटा आला. नवऱ्याचा डबा, मुलाचा, ओजसचा डबा, तिचा स्वतःचा. दिवाळीनंतर एकदा चपात्या कमी पडल्या आणि ती तडकली होती, "डबे भरल्याशिवाय कुणी हात लावू नका हो." त्या वेळी खायला बसलेलं माणूस घरात एकच होतं. तेव्हापासून सगळे बाहेर पडेपर्यंत सासूबाईंनी घास तोडला नव्हता. प्रणिताला ते दिसत होतं. सोयीचं होतं, म्हणून तिनं कधी विषय काढला नाही.

टेबलाखाली पुतळाबाईंचा हात तिच्या मनगटावर आला आणि घट्ट दाबून राहिला.

"डॉक्टर, त्या लगेच नाही खात," प्रणिता म्हणाली. "आमचे डबे झाल्यावर, आम्ही गेल्यावर खातात. मीच तसं बोलले होते."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टेबलावरची पाकिटं तरी आवरावीत असं वाटलं, पण हात पुढे होईना.

"तिचा काय दोष नाय, डागदर," पुतळाबाई घाईनं म्हणाल्या. "सकाळची लय धावपळ आसते पोरीची." मग त्यांना काहीतरी सुचलं आणि चेहरा उजळला. "आसं करू का? गोळीच उशिरा घेते, सगळी गेल्यावर. म्हंजी डब्यांचा खोळंबा नाय."

चिठ्ठी लिहिता लिहिता डॉक्टर थांबले. त्यांनी प्रणिताकडे पाहिलं.

"गोळीला चालेल," ते म्हणाले. "पण आजींनी तोवर उपाशी का राहायचं?"