हलका स्टँड

"डावा का उजवा, पटकन बोल," पूनमसिंग म्हणाला आणि त्याने दोन्ही ट्रायपॉड देवळाच्या सभामंडपात नयनसमोर उभे केले.

नयनला धड बोलता येत नव्हतं. गळ्यात वीणा होती आणि ओठांवर रामकृष्णहरी. सप्त्याची वीणा एकदा गळ्यात पडली की ती जमिनीला टेकवायची नाही आणि आपणही टेकायचं नाही. पुढच्या पहारेकऱ्याने यावं, पाया पडावं, वीणा स्वतःच्या गळ्यात घ्यावी. तेव्हाच सुटका.

दुपारचा हा पहारा खरं तर त्याच्या बाबांचा, रामरावांचा. त्यांनी तो एकाही सप्त्यात चुकवला नव्हता. दिवाळीत त्यांना अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू गेली, आणि वावर, बैलं, वीणा, सगळंच नयनच्या गळ्यात आलं. "बापाची जागा रिकामी ठेवू नको रे," एवढंच आई म्हणाली होती. रामराव तेव्हापासून दवाखान्यातली तीन पायांची काठी धरून खाटेवरून ओसरीपर्यंत यायचे. तेही लटलट कापत.

आणि आता टिपेश्वरच्या जंगलातून बोलावणं आलं होतं. महिनाभर पक्ष्यांचे फोटो काढायचं काम. लग्नाबारशाचे फोटो काढून काढून विटलेल्या नयनला असं काम पहिल्यांदाच मिळत होतं. जीप फाट्यावर उभी होती. पुढचा पहारा शामकाकांचा. ते आले की वीणा द्यायची आणि पळायचं. वावराकडे लक्ष देतो, असंही काका म्हणाले होते. पण उद्यापासून बाबांच्या जागेवर कोण उभं राहणार, हे नयनने कोणाला विचारलं नव्हतं. घरी तर जायचंय हेच सांगितलं नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू करता करता जायचा दिवस उजाडला होता.

"हा मोठा घेशील, तर वाऱ्यावावधानात हालणार नाही," पूनमसिंग सांगत होता. उमरखेडला त्याचं कॅमेऱ्याचं दुकान होतं. "पण जंगलात दिवसभर खांद्यावर वागवशील, तर रात्री खांदा शोधत बसशील. हा पाहा, कार्बनचा. लेकरावानी काखेत घेऊन फिर."

नयनने पायाच्या अंगठ्याने हलक्या स्टँडला टोचून पाहिलं. स्टँड थरथरला.

"रामकृष्णहरी... कापते ना हा... रामकृष्णहरी..."

"नाव घे रे बापा!" खांबाजवळ टाळ घेऊन बसलेली मानीबाई कडाडली. "सौदा मागून कर. देव काही दुकान बंद करून नाही चालला!"

पूनमसिंग हसला. स्टँडच्या मधोमध खाली एक हुक होता. त्याला त्याने आपली पिशवी अडकवली. "आता लाव पाय."

नयनने पुन्हा पाय लावला. स्टँड जागचा हलला नाही.

"हलक्याले हेच करा लागते. तुझ्या बाबालेही हेच दाखवलं."

नयनचं बोट तारेवरच थांबलं. "बाबाले? तू घरी गेलता?"

"तू तिथंच असशील वाटलं. चहा घेतला. जंगल, जीप, समदं सांगतलं."

"काहून सांगतलं बे!"

"मले काय माहीत तू चोरून चालला म्हून!"

"काय म्हणे बाबा?"

"पिशवी लावून पाहे, काढून पाहे. लावून पाहे, काढून पाहे."

नयनने मान खाली घातली. तार पुन्हा वाजू लागली, पण हरी ओठांवरच राहिला. पहारा कधीच संपला होता. शामकाकांचा पत्ता नव्हता. फाट्यावरून जीपचा हॉर्न आला. पुन्हा आला, या वेळी लांबलचक. मंडपाला चारी बाजू मोकळ्या होत्या, आणि नयनला एकाही बाजूने वाट नव्हती. वीणेचा पट्टा मानेत रुतत होता.

"अबे, ह्या मोठ्या स्टँडले अडकव अन् चाल," पूनमसिंग कुजबुजला. "जमिनीले कुठं लागते?"

खरंच लागत नव्हती. नयनने स्टँडकडे पाहिलं. मग गाभाऱ्याकडे. त्याचा हात पट्ट्याकडे गेला. मानीबाईचा टाळ थांबला.

"इथं माणूस उभा असते, पूनम," नयन म्हणाला आणि हात खाली घेतला.

तेवढ्यात पायऱ्यांवर आवाज झाला. टक्. बराच वेळ काही नाही. पुन्हा टक्.

आधी तीन पायांची काठी वर आली. मग रामराव. धोतर नेसलेले, कपाळाला बुक्का, घामाने निथळत. दोन पायऱ्या मागे शामकाका दोन्ही हात पसरून, पण अंगाला न लावता चढत होते.

"मी केव्हाचाच निघालो होतो गड्या," शामकाका म्हणाले. "यायनं रस्त्यातच अडवलं. म्हणे, आज माहा पहारा हाय. हातही लावू देईना."

रामराव नयनसमोर आले. खांबाला पाठ लावली. सगळं अंग कापत होतं. वाकता येईना, म्हणून त्यांनी आपल्या लेकाला डोक्यानेच नमस्कार केला. नयनने वीणा त्यांच्या गळ्यात घातली. मग तो त्यांच्या पायांवर कोसळलाच.

रामरावांनी काठी सोडली. काठी जागेवर उभी राहिली. रामरावही. उजवं बोट तारेवर पडलं, आणि वीणेच्या भाराखाली ते कापणारं अंग हळूहळू स्थिर झालं.

"हलकाच घेऊन जाय," तोंडाच्या एका बाजूने ते म्हणाले. "मधात वजन अडकवलं का, उभं राहता येते."