एकोणीस नंबर

"अठरा," मी म्हणाले आणि पाठोपाठ "एकोणीस"ही म्हणून टाकलं. ज्वालामुखीचं बेट बघून आम्ही बोटीवर परतलो होतो. चढल्यावर प्रत्येकाने आपापला नंबर म्हणायचा, हा टूर लीडरचा नियम. एकोणीस ह्यांचा. पण हे कायम मागे फोटो काढत रेंगाळणार, म्हणून पहिल्या दिवसापासून तो मीच म्हणत होते. ह्यांना चहा बिनसाखरेचा, हेही सगळीकडे मीच सांगते.

बोट निघाली. पिवळी हेल्मेटं काढून मंडळी खाकऱ्यांकडे वळली. मी ह्यांची गोळी घेऊन वरचा डेक पाहिला, खालचा पाहिला, संडासाचं दारही वाजवलं. मग मागे, धुराखालच्या रिकाम्या धक्क्यावर, एक पिवळा ठिपका दिसला.

"बोट वळवा. आमचे हे तिकडेच राहिलेत."

"पण काकू, एकोणीस तर आला होता," टूर लीडर म्हणाला.

परत पोचेपर्यंत मला बसवेना. गोळी मुठीतच विरघळली.

हे सावकाश चढले. मिशीवर राख होती.

"घाबरलात ना?"

"छे. बरं वाटलं. किती दिवसांनी कुणी काही बोलत नव्हतं."

पुन्हा मोजणी झाली. "अठरा," मी म्हणाले आणि ओठ घट्ट मिटले. सगळी बोट थांबली. हे धुराकडे बघत होते. कुणीतरी खाकरलं. पुढचा आकडा माझ्या जिभेवर चुळबुळत होता.

"एकोणीस," हे म्हणाले, अगदी सवडीने.