ओरडा, मावशी

कंबरेचा फक्त तेवढाच भाग बधिर केलेल्या द्वारकाबाई ऑपरेशनच्या टेबलावर पालथ्या पडल्या होत्या, पण पूर्ण जाग्या होत्या. पेन्सिलीएवढ्या नळीतून डॉक्टरीणबाई त्यांच्या मणक्यातल्या फाटलेल्या गादीपर्यंत पोचल्या होत्या. आता तिथे टाका घालायचा होता.

"मावशी, पायात कळ गेली की लगेच ओरडा," त्यांनी पुन्हा बजावलं. "सुई नसेला टेकतेय हे मला तुमच्याकडूनच कळणार. गप्प राहिलात तर पाय जायचा."

पण ओरडायचं कसं, हे द्वारकाबाईंना ठाऊकच नव्हतं. चार बाळंतपणांत त्यांचा आवाज कधी ओसरीवर गेला नव्हता. "आमची सून हूं की चूं करत नाही," असं सासूबाई गावभर सांगायच्या, आणि त्या कौतुकावर त्यांनी अख्खा जन्म काढला होता.

सुई पुढे सरकली. मांडीपासून टाचेपर्यंत वीज सळसळत गेली. सवयीने त्यांनी उशी दातांखाली धरली.

"मावशी, कळ येतेय का? घालू टाका?"

टाच विस्तवावर ठेवल्यासारखी भाजत होती, तरी ओठ उघडेनात. मग बोटं आहेत की नाहीत तेच कळेना, आणि द्वारकाबाई जिवाच्या आकांताने किंचाळल्या, "थांब गं मेले! पाय आहे तो माझा!"

सुई जागच्या जागी थांबली, मागे आली, जराशी वळली.

"आता?"

"आता नाही येत कळ."

टाका बसला.

"मावशी, अंगठा हलवा बघू."

अंगठा हलला.

नर्स हसत आत आली. "काय ओरडलात हो! बाहेर तुमचे यजमान ताडकन उठून उभे राहिले."

"राहू देत उभे," द्वारकाबाई म्हणाल्या.