तातडीचा पत्ता

चूक एका ओळीची होती.

वेनिंगनं ती पुन्हा वाचली. बोटीच्या क्रमांकासह आलेला निरोप कुठे पाठवायचा, हा नियम वर होता. तातडीच्या निरोपाचा नियम त्याच्या खाली. सर्व्हर वरून वाचत येतो आणि पहिला जुळेल तो नियम धरतो. ‘तातडी’ हाच एखाद्या बोटीचा क्रमांक समजून तो शोधत बसे, आणि अशी बोट नाही म्हणून निरोप परत लावी. खलाशाला वाटे, समुद्रात रेंज नाही.

तेगाल बंदरातल्या खलाशी संघटनेचं हे ॲप तिनंच लिहिलं होतं. परदेशी मासेमारी बोटींवर गेलेल्यांसाठी त्यात एक लाल बटण होतं. सहा महिन्यांत त्यावरून एकही निरोप आला नव्हता. संघटनेचे अध्यक्ष रस्मादी, सगळ्यांचे आदराचे ‘पाक’, प्रत्येक सभेत ते अभिमानानं सांगत. काल रजेवर आलेल्या एका खलाशानं टेबलावर फोन आपटला. “सात वेळा दाबलं. झोपला होतात का सगळे?”

वेनिंगनं ओळ उचलून वर ठेवली. चाचणीचा निरोप सोडला. तो पोहोचला. तिनं खुर्चीला पाठ टेकली.

मग पडद्यावर निरोप येऊ लागले. चाचणीचे नव्हेत. फोनांमध्ये अडकून पडलेले, जुन्या तारखांचे. चौथा वार्सिमचा होता.

‘पाय सुजलेत. दम लागतो. बंदर एका दिवसावर आहे, पण कॅप्टन वळत नाही.’

त्यानंतर नऊ दिवसांनी वार्सिम बोटीवरच वारला होता. त्याचा देह समुद्रातच सोडला. घरी आली ती फक्त त्याची पिशवी, आत त्याचा फोन. त्याच्या बायकोला, जिला सगळे आदरानं बु कासिनी म्हणत, वेनिंगनंच सांगितलं होतं, “त्यांनी बटण दाबलं असतं तर आम्ही काहीतरी केलं असतं, बु. दाबलंच नाही.” कासिनीनं मान खाली घातली होती, जणू चूक तिच्या घरातली होती.

पाक रस्मादींनी निरोप वाचला आणि चष्मा काढला.

“मिटवून टाक.”

“पाक, तिला मी खोटं सांगितलंय.”

“तेव्हा तुला तरी कुठे ठाऊक होतं? हे बाहेर गेलं तर उद्या एकही खलाशी आपल्यावर विश्वास ठेवणार नाही. आणि त्या बाईला पुन्हा कशाला रडवायचं?”

वेनिंगचं बोट मिटवायच्या कळेवर होतं. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

दारात कासिनी उभी राहिली. मासळी वाळवायच्या अंगणातून तशीच आली होती, कोपरापर्यंत मीठ. हातात वार्सिमचा फोन.

“रोज चार्ज करते मी हा,” ती टेबलाशी येत म्हणाली. “त्याचा आवाज आहे यात. मगाशी वाजला. शेजारणीनं वाचून दाखवलं, पण तिचं काहीतरी चुकलं असणार. मला वाचता येत नाही. तू वाच, पोरी.”

पाक रस्मादींनी तिच्या पाठीमागून मान हलवली. नको.

निरोप पोहोचला की आपोआप जाणारं उत्तर होतं ते. माणसाला धीर यावा म्हणून वेनिंगनं दोन दिवस शब्द जुळवले होते. तिनं फोन घेतला आणि मोठ्यानं वाचलं.

“वार्सिम, तुमचा निरोप मिळाला. धीर धरा, आम्ही निघालोच आहोत.”