एकच पुस्तक

“जे आहे ते सगळं एकच, दुसरं काही नाहीच,” असं शिकवणाऱ्या सूफी बाबांना सकाळी पकडून नेलं आणि दुपारी अंमलदार त्यांचं हस्तलिखित शोधत बाइंडरच्या दुकानात शिरला. शिपायांनी कपाटं उपसली, खळीचं भांडं उपडं केलं, गादीसुद्धा उसवली.

“महिन्यापूर्वीच जाळलं, साहेब. बायकोची शपथ!”

“शहाणा आहेस.” अंमलदारानं आपल्या कचेरीचं, बांधायला दिलेलं कायद्याचं पुस्तक उचललं आणि नव्या पुठ्ठ्यावर टिचकी मारली. “जाड बसलाय रे चांगला!”

“जुने कागद एकावर एक चिकटवतो, साहेब. पण खळ ओली आहे. उद्या न्या, नाहीतर पापुद्रे सुटतील.”

“वाळेल माझ्या टेबलावर,” म्हणत तो पुस्तक काखेत मारून गेला.

बायको आतून आली. “माझी शपथ घेतलीत. खरंच जाळलंत ना हो?”

बाइंडरनं दाराला कडी घातली.

“हात धजेना गं. महिनाभर जे जे बांधलं, त्या प्रत्येक पुठ्ठ्यात बाबांचं एकेक पान आहे. शेवटचं आत्ता साहेबांच्या काखेतून गेलं. ओलंच.”