भाजलेल्या गालाचा माणूस

उरलेल्या पत्रकांतलं एक दुर्वा पेडणेकरने उजेडात धरलं आणि निरखून पाहिलं. हरवलेल्या वडिलांचा भाजलेला डावा गाल फोटोत लहान मुलासारखा नितळ झाला होता. ती याच छापखान्यात प्लेटा बनवत असे, पण घाईत तिने नीट पाहिलंच नव्हतं, आणि निम्मी पत्रकं परवाच गावभर चिकटवून झाली होती.

"यंत्राचं हे चेहरे सुधारणं बंद करा ना," ती मालक सबनीसांना म्हणाली.

"ते आपल्या हातात कुठे आहे? व्यंग असलेला चेहरा आता कुठलंच यंत्र प्लेटवर तसाच उतरवत नाही."

तिने मजकुरात 'गाल भाजलेला' असं घालून नवी प्लेट काढली. यंत्राने ते शब्दही गाळले. तिने सुईने प्लेट खरवडली, तर छपाईयंत्राने ती सदोष म्हणून बाहेर टाकली. शेवटी उरलेल्या प्रत्येक पत्रकावर तिने पेनाने गालावर भाजल्याचा डाग रेखाटला आणि ती एसटी स्टँडवर गेली.

चहावाल्या बाईने पत्रक पाहिलं आणि ओतता ओतता तिचा हात थांबला.

"हे तर इथेच बसायचे! त्या खांबावरचं पत्रक मी त्यांच्या तोंडाशी ताडून पाहिलं होतं. ह्यांचा गाल भाजलेला, म्हणून म्हटलं, दुसरंच कोणी असेल. नाहीतर फोन केला असता."

"आता कुठे आहेत?"

बाईने किटली खाली ठेवली.

"आज सकाळी उठलेच नाहीत, पोरी. आत्ताच शववाहिका त्यांना घेऊन गेली."