पेशंटने विचारलं तर

“गळ्यातला क्रूस काढावा लागेल, फादर,” ती म्हणाली आणि लगेच तिने जीभ चावली.

“तुझ्या मशीनला त्याचीही अडचण?” फादर हसले, हसता हसता खोकले आणि साखळी ट्रेमध्ये ठेवून दिली. त्या खोकल्यावरून विद्यापीठातली पोरं फादर जवळ आलेत हे ओळखायची आणि हातातले मोबाइल लपवायची. आता तो खोकला फारच वाढला होता.

आज तिला पहिल्यांदाच एकटीने एक्स-रे काढायचा होता, आणि वाट्याला यावेत नेमके हेच! काचेमागे मॅडम मार्क द्यायला उभ्या. तिने फादरची छाती प्लेटला टेकवली, हनुवटी वर केली, खांदे पुढे ढकलले आणि काचेमागे गेली.

“खोल श्वास घ्या. धरून ठेवा.”

बटण दाबलं. पडद्यावर चित्र उमटलं. उजव्या फुप्फुसात, वरच्या बाजूला, लिंबाएवढा पांढरा डाग होता. कडा वेड्यावाकड्या. पुस्तकात असा डाग ओळखता आला की ती खूश व्हायची. आज तिचा हात बटणावरच राहिला.

“अगं, श्वास सोडायला सांग त्यांना!” मॅडम कुजबुजल्या.

“सोडा! सोडा, फादर!”

पलीकडे फादर खोकून खोकून वाकले.

“मॅडम, तुम्ही जाता का बाहेर?”

“पेशंट तुझा आहे. आणि आधी तोंड नीट कर.” मॅडमचं स्वतःचं तोंडही उतरलेलंच होतं.

चित्रात काय आहे ते पेशंटला सांगायचं नाही, ते काम डॉक्टरांचं. हा धडा फादरनीच नीतिशास्त्राच्या तासाला घोटून घेतला होता. स्वतः पेशंट होऊन खुर्चीत बसायचे आणि एकेकाला छळायचे. “बाळा, काय दिसलं? खरं सांग हं.” ‘डॉक्टर सांगतील’ एवढंच म्हणायचं, खोटं बोलायचं नाही आणि घाबरवायचंही नाही. जिचा चेहरा पडेल तिने पुन्हा पहिल्यापासून. हिचा तर दरवेळी पडायचा. आता ते विचारणार, आणि आपण एक तर खोटं बोलणार नाही तर रडणार, याची तिला भयंकर भीती वाटली.

वाक्य मनात घोकत ती बाहेर आली. फादरनी शर्ट चढवला होता. त्यांनी मान वर करून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं.

विचारलं मात्र काहीच नाही.

“खोली फार गार ठेवता बुवा तुम्ही,” ते म्हणाले. “एवढं वरचं बटण लावून दे. हात कापतायत.”

ती पुढे झाली. तिचे हात काही वेगळे नव्हते. मदतीला फादरनी आपलेही हात वर आणले, पण चार हातांना मिळून ते एक बटण लागेना.